कवळीवाल्याचं बिऱ्हाड

४ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद, या खेपेला निम्मेच.

बायकोला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून सहा वर्षांच्या ठमीसकट तुम्ही अख्खं बिऱ्हाड उचलून निघालात, हे मला आधी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कळलं आणि मग तुझ्या पत्रातून. उत्तम. मुख्याध्यापिका म्हणून मी जन्मभर मुलांना सांगत आले, की आधी गणित मांडा, मग उत्तर लिहा. सख्ख्या भावाने उत्तर आधी लिहिलं.

बारा वर्षं तू लोकांच्या कवळ्या केल्यास. मेणात दात बसवताना तुझा हात हलत नाही, असं खुद्द तुझे मालक म्हणतात. तिकडे तुझं प्रमाणपत्र चालत नाही, नव्याने परीक्षा द्यावी लागेल, हे तूच लिहितोस. म्हणजे इथला कारागीर तिकडे कोण होणार? नर्सबाईंचे यजमान! हुद्दा छान आहे. ठमी म्हणे विमानात खिडकी मिळणार म्हणून खूश आहे. तुम्हा तिघांत निदान तिला तरी कळतं, आपण कशासाठी चाललोय ते.

जा. फक्त महिन्याभरात रडकं पत्र धाडू नकोस. चुका काढून परत पाठवीन.

लोभ आहेच, लागला तर मागून घे.

अक्का

२० सप्टेंबर

ती. अक्कास, साष्टांग नमस्कार, पूर्णच.

हे रडकं पत्र नाही, लाल पेन खाली ठेव. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मी दातांच्या दवाखान्यात ट्रे धुतो. साच्यांवरचं वाळलेलं प्लॅस्टर खरवडतो. इथला कारागीर जी कवळी करतो ती घालून माणसाने पाव चावला तर पावच जिंकेल. पण मी तोंड उघडत नाही. परीक्षेत पहिल्या खेपेला आपटलो.

मंगळवारी ठमी शाळेत घसरगुंडीवरून पडली. मनगटाच्या हाडाला चीर. शाळेने मला फोन केला. माझा फोन दवाखान्यातल्या कपाटात. हिला केला, ही ऑपरेशनच्या खोलीत. शाळेच्या फॉर्मवर तिसऱ्या नंबरासाठी जागा असते. ती आम्ही कोरी सोडली होती. इथे आमचं आहे कोण? पोर दोन तास ऑफिसातल्या बाकावर हात धरून बसली. रडली नाही, असं तिथल्या बाई कौतुकाने सांगत होत्या. मला तेच जास्त लागलं.

तुझ्या लोभातला थोडा लागतोय. पाठव.

धाकटा

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

शुद्धलेखन ठीक, बाकी नापास. पोरीच्या हाडाची चीर भरून येईल. बापाच्या अकलेची कोण भरणार? बारा वर्षांचा हात घेऊन गेलास आणि लोकांची थुंकी धुतोस! दुरून डोंगर साजरे, हे तिसरीतल्या मुलालाही कळतं.

परवा मी तुझ्या मालकांकडे गेले. तुझी जागा रिकामीच आहे, महिनाअखेर यायला सांगा, असं ते म्हणाले. मी हो म्हणून आले. इथे सगळ्यांना मी सांगितलंय, की तू तिकडे मोठा अधिकारी आहेस. तेव्हा येताना तोंड तसं ठेव.

लोभ समक्ष भेटीत.

अक्का

२ नोव्हेंबर

ती. अक्कास, नमस्कार.

हो म्हणून तू आलीस, आता नाही म्हणूनही तूच ये.

ठमी जन्मली त्या दिवशी याच मालकांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि तो अर्धा दिवस रविवारी भरून घेतला. मी घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. दोन वर्षांची होईतो मला रविवारचा काका समजायची. इथे साडेचारला हात पुसतो आणि पाचला तिच्यासमोर असतो. हिच्या हाताखाली आठ जणी आहेत. तिकडे तूसुद्धा तिला नर्सबाई म्हणतेस आणि कशी म्हणतेस ते तिला कळतं.

सगळं गोड नाही. ठमी लोकांदेखत माझे उच्चार सुधारते. चार दिवस घराबाहेर कुणी आपलं बोलणारं भेटलं नाही, की घसा बसल्यासारखा वाटतो. पण आम्ही दोघांनी ठरवलंय, राहायचं. फॉर्मवर आता खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर आहे. परीक्षेला पुन्हा बसतोय.

आणि मला अधिकारी करू नकोस. मी ट्रे धुतो. त्याची लाज मला फक्त सोमवारी सकाळी, कामावर निघताना वाटते.

लोभ कमी केलास तरी पत्र कमी करू नकोस.

धाकटा

२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

गेले होते. तू येत नाहीस, हे सांगितलं. मालक हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारू लागले, की आमच्या मुलाचं तिकडे काही जमेल का. त्याला बायको आहे, दोन वर्षांचं पोर आहे, पण इथे मुलाचं मन लागत नाही. माझं डोकं फिरलं. जे इतके दिवस झाकलं ते रागाच्या भरात बोलून गेले, की माझा भाऊ तिकडे ट्रे धुतो, साचे खरवडतो. तुमच्या मुलालाही तेच करावं लागेल.

ते म्हणाले, चालेल.

तुला अर्धा दिवस न सोडणारा माणूस! मी तुझा पत्ता दिला नाही. जिना उतरताना, तुझ्यासाठी याच माणसापुढे मी हात जोडले होते, याची मला जन्मात वाटली नव्हती एवढी शरम वाटली.

तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. तिला दुसरं काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही; तिलाच विचार, काय म्हटलेलं आवडेल.

परीक्षेत नापास झालास तर सावकाश कळव. पास झालास तर शिंप्याच्या आधी मला कळलं पाहिजे.

अक्का