महादेवची वाकळ

८ जानेवारी, खानापूर

वाचला! कणकुंबीकडचा महादेव, पंचविशीतला. मोटरसायकलला गव्यानं धडक दिली. आणला तेव्हा ओठ निळे, मानेच्या शिरा फुगलेल्या, उजवीकडं श्वास ऐकूच येईना. फाटलेल्या फुफ्फुसातली हवा छातीत कोंडून हृदय दाबत होती. एक्स-रेची वाट बघत बसले असते तर फोटो मेलेल्या माणसाचा निघाला असता. छातीत सुई घातली. फुस्स! महादेवनं डोळे उघडले, "आई कुठं हाय?" म्हणाला. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

सुई काढली, तिच्यावरची मऊ नळी आतच ठेवली — हवेला वाट म्हणून. पुढची मोठी नळी बेळगावला घालायची, इथं सर्जन नाही. ड्यूटीवर डॉक्टर मी एकटी, सोबत जाता येईना. अँब्युलन्समध्ये आमचा नर्सिंग ब्रदर शामू आणि महादेवची आई गुणाबाई. नळीला धक्का लागू देऊ नको, असं शामूला दोनदा बजावलं.

९ जानेवारी

गेला.

सौम्याचा फोन. माझी बॅचमेट, बेळगावला कॅज्युअल्टीत तीच होती. पोचला तेव्हा नाडीच लागत नव्हती. "नळी दुमडली होती गं. वर जाड वाकळ, घट्ट खोचलेली. हवा पुन्हा कोंडली." मोठी नळी लगेच घातली त्यांनी. उपयोग झाला नाही.

शामू मान वर करेना. तो बेळगावला फोन लावत होता म्हणे. पोरगा थंडी वाजते म्हणाला, आईनं घरनं आणलेली वाकळ पांघरली, वरून हात दाबून धरला. आई दुसरं काय करणार!

शामूला बजावलं. आईला कोण सांगणार होतं? मला तोंड नव्हतं? "मावशी, छातीवर काही घालू नका" — एवढंच तर बोलायचं होतं!

११ जानेवारी

कॉलेजात घोकलं होतं. सुई तोकडी पडते. रक्तवाहिनीला लागते. निदान चुकलं तर धड फुफ्फुसाला सुईच भोक पाडते. नळी दुमडते — हेही पेपरात लिहिलं होतं, मार्क पडले होते. त्यात वाकळ नव्हती, आई नव्हती.

१४ जानेवारी

कँटीनमध्ये कुकरची शिट्टी उडाली, फुस्स झालं. माझ्या हातातला कप खाली. सगळे हसले, मीही हसले. निपाणीहून आईचा फोन — तिळाच्या वड्या पाठवल्यात, जेवलीस का? जेवले म्हटलं.

१९ जानेवारी

गुणाबाई आल्या. रडल्या नाहीत. बाकावर नीट बसल्या आणि विचारलं, "आक्का, पोरगं गार पडत हुतं म्हणून मी वाकळ घातली. त्यानं तर काय झालं न्हाय न्हवं?"

शामू उठून बाहेर गेला.

"न्हाय मावशी. माझीच सुई तोकडी पडली."

"व्हय?"

"व्हय."

मग पदर सावरून निघाल्या. खरं सांगून काय साधलं असतं? पोरगं परत येणार होतं? पण चूक माझ्यावर घेतल्यावर जरा बरं वाटलं मला, चांगलं काम केल्यासारखं. त्याचीच लाज वाटते.

२२ जानेवारी

जिथं तिथं वाकळच दिसते. बसस्टँडवर, दोरीवर, लहान लेकरांच्या अंगावर. परवा वॉर्डात एका म्हातारीच्या छातीवरची चादर ओढून काढली. तिला ताप होता नुसता!

२७ जानेवारी

गुणाबाई पुन्हा आल्या. टेबलावर बोचकं ठेवलं. आत तीच वाकळ, धुऊन घडी घातलेली.

"सुई तोकडी असती, तर त्यो माझ्यासंगं बोलला कसा?" म्हणाल्या. "तुमीच ठेवा ही, आक्का. मला घरात बघवंना, आन् जाळवंना."

मी ठेवून घेतली.