विल्यम टॅपची वीस मिनिटं

४ ऑक्टोबर, झूटरमेर
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात वीस मिनिटं मिळाली. एकपात्री. विल्यम टॅप, दोनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा घरफोड्या. चांदीचे सहा चमचे चोरले म्हणून सात वर्षांची शिक्षा, जहाजात घालून थेट टास्मानियाला. मलाही कंपनीने इथे आणून टाकल्याला सात वर्षं झाली. ही भूमिका माझ्यासाठीच आहे. मंडळाच्या अध्यक्ष मंजूषाताई चार घरं सोडून राहतात. म्हणाल्या, अठरापर्यंत स्क्रिप्ट द्या, नाहीतर स्लॉट जाईल. दोन दिवसांचं काम.

८ ऑक्टोबर
टॅपचं चरित्र चारशे पानी आहे. वैदेही वाचतेय. बायकोने वाचलं तरी घरात ज्ञान येतंच. मी जगून लिहिणार.

१० ऑक्टोबर
लंचला कैद्याचा आहार: कडक बिस्किटं आणि पाणी. समोर ऑफिसातले डच थंड ब्रेडवर थंड चीज ठेवून वर ताक पीत होते. आनंदाने. शिसारी आली. टॅप सुटला म्हणायचा. घरी येऊन नऊ चकल्या. उद्यापासून कडक.

१४ ऑक्टोबर
एक ओळ झाली: 'मी विल्यम टॅप.' दमदार आहे. वैदेहीने विचारलं, पुढे काय? पाऊस थांबला की सुचेल. इथे तो थांबत नाही. ओले मोजे, ओली सायकल, ओलं डोकं. किळस आलीय या देशाची. दुपारी सिटिझनशिपचा फॉर्म भरला.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०
स्वतः घर फोडल्याशिवाय जमणार नाही. वैदेही पुस्तक परत करायला लायब्ररीत गेलीय. किचनच्या खिडकीतून शिरतो. गल्ली सहाला जेवायला बसते, कोण बघतंय.

७.१५
सगळे बघतात. पडदे लावत नाहीत ते याचसाठी. डोकं सिंकमध्ये, पोट चौकटीत, उरलेला मी बाहेर. सिंकमध्ये कालचं सांबार. शेजारच्या हेन्कने फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि पोलीस बोलावले. त्यांनी मला ओढून काढलं, हेन्कसमोर उभं केलं आणि विचारलं, ओळखता का यांना? सात वर्षं रोज सकाळी मी या माणसाला हात करतोय. त्याने नीट निरखून पाहिलं आणि नाही म्हणाला. वैदेही आली तेव्हा सुटलो.

१८ ऑक्टोबर
स्क्रिप्ट गेली. वैदेहीची. शिक्षा संपल्यावर टॅप तिथेच पोलिसात लागला, लंडनच्या बायकोला एक पत्रसुद्धा टाकलं नाही. हे पुस्तकाच्या शेवटी आहे म्हणे. वीस मिनिटं त्या बायकोची, वैदेहीच करणार. वाचताना मंजूषाताई रडल्या. मलाही काम आहे: सुरुवातीला खिडकीत अडकलेला टॅप, प्रेक्षकांकडे पाठ, संवाद नाहीत. ताईंनी ग्रुपवरचा फोटो बघूनच माझी निवड केली, ऑडिशनसुद्धा घेतली नाही.

हेन्कला पास नेऊन दिला. या बाजूने तरी तो मला ओळखेल.