ह्यांचं पाठाचं खातं

११ नोव्हेंबर, मंगळवार
पुन्हा तेच! सकाळी सहाला ह्यांचा फोन वाजला — "उत्तरेश्वरजी, आपला आजचा पाठ पूर्ण झाला." माणूस श्रावणात गेला, आणि हे ॲपवाले म्हणतात पाठ झाला! कुणी केला? देवाच्या नावावर लबाडी. वर महिन्याचे नव्याण्णव रुपये जातात ते वेगळेच.
अभिनवला दाखवलं. चहातून डोकं वर न काढता म्हणाला, "बिघाड असेल आई. राहू दे ना." राहू दे! वडील गेल्यापासून एकदा देवासमोर हात जोडलेले दिसले नाहीत चिरंजीवांचे.

१२ नोव्हेंबर
"खातं बंद करा" दाबलं. केबलवाल्याने नको म्हटल्यावर तीन महिने खेपा घालायला लावल्या होत्या. इथे तसलं काही नाही! "आपण म्हटलेले सगळे पाठ आपल्याच आवाजात पाठवतो. उरलेल्या दिवसांचे पैसे परत. तीस दिवसांत केव्हाही परत या." जाणाऱ्याशी इतकं गोड कोण बोलतं? पुढचं काही न दाबता फोन पालथा घातला.

१४ नोव्हेंबर
बुधवार पेठेत गेले. फोन घेतला त्या दुकानात. तिथला आमोद म्हणाला, "सोडत नाहीत म्हणून लोक भांडायला येतात, काकू. सोडतात म्हणून आलेल्या तुम्हीच पहिल्या!"
म्हटलं, "आणि ह्यांचा आवाज पुसला गेला तर?" दुसरीकडे कुठेच नाही तो. लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा नुसती सनई.
"आधी आवाज येणार, मगच बंद होणार. लिहिलंय इथे. चष्मा घरी राहिला का?"

१५ नोव्हेंबर, एकादशी
बंद केलं. अभिनवला विचारलंच नाही. दहा मिनिटांत सगळे पाठ आले. पैसेही! पहिला लावला — आधी ह्यांचं ते खाकरणं, मग स्तोत्र. पदर तोंडाशी धरून ऐकलं.
पण मेळ बसत नाही. ह्यांनी जानेवारीत सुरू केलं ते श्रावणापर्यंत — रोजचा एक, दोनशे वीस धरा. आलेत तीनशे सतरा. वरचे कुणाचे घुसडले? सकाळी शेवटचा लावून बघते.

१६ नोव्हेंबर, पहाटे
शेवटचा पाठ कालचाच. आवाज अभिनवचा — म्हणजे ह्यांचं खातं त्याच्याही फोनवर! मागे पार्किंगमधला पाण्याचा पंप. अडखळतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. शेवटी — "बाबा, आज दोनच चुका."
आत त्याचा गजर झालाय. तो खाली जायच्या आत "परत या" दाबलं.