आवाज आला की थांबायचं

केडगाव,
मंगळवार, दुपार

प्रिय मधू,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या फोन करू नकोस. फोन आई उचलते, तू काहीतरी विचारून बसशील आणि मी तुला लिहिल्याचं तिला कळेल. आधी शेवटपर्यंत वाच. हल्ली पत्र कोण लिहितं, म्हणून पोस्टातल्या मुलीनेसुद्धा पाकीट मागितल्यावर माझ्याकडे मान वर करून बघितलं. पण हे मला तोंडाने सांगता येणार नाही. आईने मला एक काम सांगितलंय. साधंच आहे, जन्मभर करत आलो तेच, आणि ते माझ्या हातून होत नाहीये. बत्तीस वर्षं चित्रकलेच्या तासाला पोरांना 'जमत नाही म्हणजे काय?' असं दरडावत आलो, आता माझ्यावरच ती पाळी आलीय.

आधी बातम्या सांगतो. शेवग्याला यंदा शेंगा कमी आणि सुरवंट जास्त आहेत. शेजारच्या कानिफनाथने नवी गाडी घेतली आणि ती बरोबर आपल्या फाटकासमोर लावतो. आणि माझं बाजारात फोटो काढणं बंद पडलंय, म्हणजे लोकांनी ते बंद पाडलंय. तू हसशील. तुला लहानपणी त्या फोटोंचा रागच होता. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींचे आईबाप त्यांना बागेत नेतात आणि मला मात्र बोंबलाच्या वासात उभं करतात, असं तू एकदा मामाला सांगितलं होतंस. ते मी विसरलेलो नाही.

आमची कामाची पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कॅमेरा दिसला की बाजारातला माणूस ताठ होतो, पदर सारखा करतो, टोपी नीट करतो आणि आधार कार्डातल्यासारखा बघायला लागतो. म्हणून आई पुढे जायची, भाव करायची. तिच्यासारखा भाव करणारं माणूस मी पाहिलं नाही. समोरची बाई दोन मिनिटांत कॅमेरा विसरून जायची, हसायची, चिडायची, शपथा घ्यायची, आणि मी बाजूने फोटो घ्यायचो. तेव्हा रोलचा जमाना होता, छत्तीस फोटोंत महिना काढायचा, त्यामुळे एका माणसाला एकच फोटो. नियम ठरलेला होता. आईने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही आणि आवाज आला की थांबायचं. खटकन आवाज झाला की ती भाव पटो न पटो, जिन्नस घ्यायची आणि पुढे निघायची. तू तिसरीत असताना अकोले गावच्या बाजारात माझा कॅमेरा हातात घेऊन उगाचच बटण दाबलंस, आठवतं? आई वालाच्या शेंगांचा भाव अर्ध्यावर आणत होती. आवाज ऐकला आणि सवयीने चालायला लागली, घाईत शेंगा घ्यायच्याही राहिल्या. ती शेंगावाली भागिरथी उठून ओरडली, "ओ बाई, येवढा येळ माजं डोकं खाल्लं आन आता कुठं चालल्या?" सगळा बाजार हसला होता. तू रडलीस.

त्या भागिरथीचा मी नंतर काढलेला फोटो सुंदर आहे. कमरेवर हात ठेवून ती आईला काहीतरी सुनावतेय. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तिचा नातू पत्ता शोधत अकोल्याहून आपल्याकडे आला. घरात तिचा धड फोटो नव्हता. मोबाइलमध्ये होते ते लग्नाच्या घोळक्यातले, डोळे मिटलेले. कोणीतरी सांगितलं की मास्तरांकडे असेल. मी मोठा करून, फ्रेम लावून दिला. त्याच्या आधी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला, दावी-कासरे विकणारा रंभाजी गेला होता, त्याच्या मुलालाही असाच दिला होता. मग गावोगाव झालं. म्हातारं माणूस गेलं की मुलं येणार, मी जुने फोटो धुंडाळणार, दोन दिवसांनी चौकातल्या फलकावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली माझा फोटो झळकणार. खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा. बस चौकातून वळली की मी आईला कोपराने ढोसायचो, हा आपला बघ. आईही मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, याच्याकडून लसूण घेतला होता आपण.

पण लोकांच्या डोक्यात ते उलटं बसलं. घोडेगावात म्हशी भादरणारा बिभीषण आहे, चाळिशीचा, धट्टाकट्टा गडी. गेल्या वर्षी मी कॅमेरा काढला तर त्याने वस्तरा खाली ठेवला आणि गमछा तोंडावर घेतला. "मास्तर, पाया पडतो तुमच्या. दोन लेकरं हायेत मला. तुमी ज्याचा फोटो काढला त्यो ऱ्हात न्हाई." मला आधी गंमत वाटली. मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना बसवून समजावलं की बाबांनो, मी म्हाताऱ्यांचे फोटो काढतो, कारण मला म्हातारे चेहरे आवडतात, आणि म्हातारी माणसं मरतात. यात माझ्या कॅमेऱ्याचा काय संबंध? सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, व्हय व्हय म्हणाले, माझ्या चहाचे पैसे दिले, आणि मी उठल्यावर एकेकाने पाठ फिरवली. नंतर नंतर मी दिसलो की बायका पदर तोंडावर ओढायला लागल्या. आई मला यमाचा फोटोग्राफर म्हणायची. तिला हसू आवरायचं नाही. मी रागावून कॅमेरा कपाटात ठेवला, तो ठेवलाच.

आता जे सांगू नका असं तिने मला बजावलंय ते सांगतो. आषाढात तिला जेवण जाईना. आम्ही ते पित्तावर घालवलं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. तुला आम्ही विजयमाला मावशीकडे पुण्याला आठ दिवस राहायला गेलोय म्हणून सांगितलं, तेव्हा दवाखान्यात होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, मधू, आणि पसरलेला आहे. डॉक्टर भले होते, त्यांनी लपवलं नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. औषधाने त्रास कमी ठेवू, दिवाळी नीट जाईल, पुढचं सांगता येत नाही. मी काय करू शकतो असं विचारलं तर म्हणाले, त्यांना जे आवडतं ते करू द्या. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. आई बाकावर शेजारच्या बाईला विचारत होती की इथे शहाळं केवढ्याला मिळतं.

तुला कळवायचं नाही असं तिने माझ्याकडून देवासमोर वदवून घेतलं. मुलीची नवी नोकरी आहे, तिला पळवू नका, आणि तिचं उतरलेलं तोंड मला मोबाइलवर बघायचं नाही, असं म्हणाली. तिचा चेहरा बघून तुला कळेल म्हणून हल्ली ती तुझ्याशी व्हिडिओवर बोलत नाही. मोबाइलचा कॅमेरा बिघडलेला नाही. तुझ्याशी इतके दिवस खोटं बोलल्याबद्दल मला माफ कर. मी तिच्यापुढे कधीच बोलू शकलो नाही, हे तुला ठाऊक आहे.

तिने सांगितलेलं काम हे की तिचा फोटो काढायचा. पंधरा दिवसांपूर्वी शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता अगदी सहज म्हणाली, "अहो, माझा एक काढून ठेवा. नंतर धावपळ नको." रंभाजीच्या घरी फोटो द्यायला गेलो होतो तेव्हा तीही बरोबर होती. म्हणाली, तो भिंतीवर बघितला की माणूस मेलाय असं वाटत नाही, आता दोरीचा भाव सांगेल असं वाटतं. मला तसाच पाहिजे. लग्नातला नको, शालूतला नको, खुर्चीत बसवून तर अजिबात नको. बाजारात, भाव करताना. जगाचे काढलेत, आता माझा काढा.

तिचा तसा फोटो आधीपासून असेल, या आशेवर मी रोज दुपारी ती झोपली की जुने फोटो काढून बसलो. अकोले, घोडेगाव, केडगाव, सगळे. ती एकाही फोटोत नाही. तिचा हात आहे. कडेने आत आलेला, मेथीची जुडी धरलेला, वांगं दाबून बघणारा, नाही नाही म्हणत हलल्यामुळे पुसट झालेला. आधी हिरवा चुडा आहे, मग दोन पाटल्या. फोटो नीट दिसावा म्हणून मी तिला कायम चौकटीच्या बाहेर ठेवलं. कितीतरी ठिकाणी तर तो हातही मी कापून टाकलाय, कारण तो मध्ये येत होता. मला त्या दुपारी स्वतःची फार लाज वाटली.

म्हणून परवा, बाजाराच्या दिवशी, कॅमेरा काढला. ती सकाळपासून तयार होती. केशरी काठाची साडी नेसली, पिशवी घेतली. रिक्षाने गेलो, तरी बाजाराच्या तोंडाशी तिला दोनदा बसावं लागलं. बनुबाईकडे गेलो. तीच ती, तू आलीस की तुला कढीपत्ता वर देते ती. आईने मेथी उचलली, मुळं बघितली आणि सुरू केलं. दहाची जुडी आठला, मग पंधराला दोन. बनुबाई खुशीत होती, बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाईक आलं होतं तिचं. मी माझ्या जागेवर उभा राहिलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तो आईकडे आहे हे बघून बनुबाईने पदर ओढला नाही.

मधू, इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा कॅमेऱ्यातून बघत होतो. गालाची हाडं वर आलीत. गळ्यातलं मंगळसूत्र मोठं वाटतं. पण डोळे तेच होते, भाव करतानाचे, अर्धे हसणारे. फोटो अप्रतिम आला असता. आणि मला त्या चेहऱ्याखाली फलकावरची अक्षरं दिसायला लागली. मी, टपरीवर सगळ्यांना शहाणपण शिकवणारा मी, माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जाईना. आता दाबलं की संपलं, असं मनाने घेतलं. हे खोटं आहे हे मला कळत होतं. डॉक्टरांचे कागद कपाटात आहेत, ते काही माझ्या कॅमेऱ्याने लिहिलेले नाहीत. कळत होतं, आणि बोट हलत नव्हतं.

ती थांबेचना. मेथी झाली, मग कोथिंबीर. कोथिंबीर झाली, मग मिरच्या तिखट आहेत का. आवाज आला नव्हता ना. नियमाप्रमाणे तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तिचे पाय लटपटायला लागलेले बनुबाईच्या लक्षात आले, तिने क्रेट पालथा घालून दिला. आई त्यावर बसली आणि बसून भाव करत राहिली. आवाज अगदी बारीक झाला होता. शेवटी बनुबाई म्हणाली, "काकू, न्या तशीच जुडी. पैशाचं राहू द्या आज. तुमचा जीव बघा किती दमलाय." आईने पाकीट काढलं आणि बनुबाईने पहिल्यांदा सांगितले होते तेवढे, पुरते दहा रुपये दिले. आयुष्यात तिला कुणाला पहिला भाव देताना मी पाहिलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आवाज आला नाही." मी म्हटलं, बॅटरी गेली. ती म्हणाली, पुढच्या बाजारी बघू. घरी आल्यावर मेथी मीच निवडली, मीच भाजी केली. तिने दोन घास खाल्ले आणि मीठ जास्त झालंय म्हणाली. झालं होतं.

मला परत जमणार नाही, मधू. म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी बाजार आहे. शनिवारच्या आत कशीही नागपूरहून ये. आई मला बोलेल, बोलू दे. तुझ्या मोबाइलवर नको काढूस, त्याला तसा आवाज नसतो, कॅमेराच घे. बॅटरी भरून ठेवलीय, ती कधी गेलीच नव्हती. मी बनुबाईच्या मागे उभा राहीन, मध्ये येणार नाही. आल्या आल्या बटण दाबू नकोस, तिला थोडा भाव करू दे, मेथी तरी आठावर येऊ दे. पण फार वेळ थांबवू नकोस. तिला आता उभं राहवत नाही, आणि आवाज आल्याशिवाय ती थांबायची नाही.

तुझाच,
बाबा