क्योटोतलं भाजलेलं वांगं

आई, मी जपानला जाऊन आले. तू असतीस तर पहिला प्रश्न ठरलेला होता, "तिथं खाल्लं काय?" म्हणून खाण्याचंच सांगायला बसले आहे, देवळं-बिवळं जाता जाता येतील.

नेलं तिनेच, आपल्या भिंतीपलीकडच्या पोट्टीने. रायपूरला समता कॉलनीतल्या आपल्या आणि त्यांच्या घरामधली भिंत इतकी बुटकी होती की ती गेटमधून कधी आलीच नाही. तू मराठीत बोलायचीस, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि दोघींचं कधी अडलं नाही. आता नवऱ्याच्या नोकरीपायी ती क्योटोत राहते. आम्हा दोघींचे केस पिकलेत, म्हणजे माझे दिसतात आणि ती रंगवते. दर दिवाळीला फोनवर म्हणायची, "अब आ भी जा यार, लाठी टेकते हुए आएगी क्या?" यंदा दसरा झाल्यावर गेले एकदाची.

तिने मला इतकं फिरवलं की पायांचे तुकडे पडले. डोंगरावरचं लाकडी देऊळ, शेंदरी कमानींची न संपणारी रांग, मध्येच बसून नदी पाहणं, पुन्हा चालणं. एका देवळाच्या मागे दगडाच्या लहान लहान मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं. तू तिथे पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली असतीस आणि आम्हा दोघींना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "काकी तो पुजारी को भी टीका लगा देती." मग एक लांबलचक बाजार. अरुंद गल्ली, वरून छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं. लोणच्याच्या दुकानात लाकडी पिंपंच्या पिंपं. तुला तिथून हलवायला मला पुढची गाडी चुकवावी लागली असती. लोणच्याची चव बघायला देतात, फुकट, आणि आम्ही दोघी लाज सोडून एकेक तुकडा खात पुढे सरकत होतो. तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला. समोर टोपलीत वांगी होती. गोल, गुटगुटीत, काळीभोर, तेल लावल्यासारखी चमकणारी. "देख," ती ओरडली, "भाटा!" क्योटोच्या भर बाजारात तो आपल्या गुढियारी बाजारातल्या भाजीवाल्या बाईचा शब्द ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मग ती एकदम मला पुढे ओढू लागली, कारण तिला ठाऊक होतं. तू गेल्यापासून मी वांगं खाल्लेलं नाही.

राज्य नवीन झालं ते दिवस आठवतात तुला? पाट्यांवरचं मध्यप्रदेश खोडून छत्तीसगढ लिहिणं चाललं होतं, रस्ते उकरले होते. अमरावतीहून नोकरीसाठी रायपूरला येऊन पस्तावलेले बाबा अचानक खूश होते. "बदली नाही, सामान बांधणं नाही, बसल्या जागी राजधानीत आलो!" असं येईल-जाईल त्याला सांगायचे. जेवणं झाली की स्कूटरवर तुला मागे बसवून नि मला, मोठी झाले होते तरी, पुढे उभं करून राजधानी दाखवायला न्यायचे. हा अमक्या मंत्र्याचा बंगला, इथे म्हणे मोठं हॉटेल होणार. तू मागून म्हणायचीस, "अंधारात काय दाखवून राहिले? मले त खड्डेच दिसून राहिले." आपलं साइटसीइंग एवढंच. राजधानीची नवलाई ओसरायच्या आतच बाबा गेले. माझी परीक्षा होती म्हणून मामा तुला पिंडदानाला गयेला घेऊन गेला, आणि परत आलीस ती वांगं सोडून.

गयेला आपली आवडती एक भाजी सोडायची असते. लोक हुशार असतात, कुणी कारलं सोडतं, कुणी दोडका. आणि तू वांगं सोडलंस, ज्याच्यावर तुझा जीव होता. बाबांना तर वांगं बघवत नव्हतं, खाल्लं की अंगाला खाज सुटायची त्यांच्या. त्यांच्यामुळे सगळा संसार तू वांगं चोरून खाल्ल्यासारखं खाल्लंस, आणि ते गेल्यावर मनसोक्त खायची सोय झाली तर सोडून मोकळी झालीस. मी तेव्हा फार चिडले होते तुझ्यावर. अजूनही थोडी आहे.

पण भरीत केल्याशिवाय तुझा एक हिवाळा गेला नाही. शेजारच्या काकूंकडे बघून तू गोरसी आणली होतीस. इथल्या बायका थंडीत शेकायला घरात ठेवतात, ती मातीची निखाऱ्यांची गोरसी. शेकणं राहिलं बाजूला, तुझी त्यात वांगी भाजली जायची. संध्याकाळ आहे, अंगणात धूर आहे, तू पाटावर बसून पुठ्ठ्याने वारा घालते आहेस आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून वाट पाहतो आहोत. साल तडकते, काळी होते, आणि तो जळका गोडसर वास सगळ्या ओळीत पसरतो. बोटं भाजत तू साल सोलतेस, हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, सांभाराची चिरलेली हिरवी पानं, वरून कच्चं तेल. मग पहिला घास माझ्या तोंडात. आणि एकच शब्द, "मीठ?" उत्तराची वाट तू कधी पाहिली नाहीस. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस, घास गिळेपर्यंत, आणि मग स्वतःच काय ते ठरवून मिठाच्या डब्यात हात घालायचीस किंवा नाही. आम्हाला ती तुझी विद्या वाटायची. मैत्रीण म्हणायची, "काकी शकल से नमक पढ़ लेती है."

एकदा मी भाकरीत घास बांधून तुझ्या तोंडापाशी नेला. "एवढासा खा ना आई. इथं कोण पाहून राहिलं?" तू माझा हात असा झटकलास की भरीत जमिनीवर पडलं. "काहून सतावून राहिली मले? कोणी पाहो का नाही पाहो, मले त मालूम आहे ना!" मैत्रीण घाबरून भिंतीवरून पळाली. थोड्या वेळाने तू तिच्यासाठी वाटीभर भरीत भिंतीवर ठेवून आलीस. माझ्याशी मात्र झोपेपर्यंत बोलली नाहीस.

तू गेल्यावर मला कुणी काही सोडायला सांगितलं नव्हतं. मी गयेला गेले नाही, कुणाला शब्द दिला नाही. नुसतं त्या हिवाळ्यात भाजीवालीने टोपली उतरवली तेव्हा मी म्हटलं, भाटा नको. पुढच्या हिवाळ्यातही म्हटलं. लोकांना वाटलं, पोरीने आईचं व्रत चालवलं, आणि मीही वाटू दिलं. खरं असं होतं की मला भीती वाटायची. पहिला घास तोंडात जाईल आणि समोर "मीठ?" विचारणारं कुणी नसेल, मग तू गेलीस हे कायमचं पक्कं होईल. तोवर कुठेतरी कच्चं होतं ना.

शेवटच्या संध्याकाळी मैत्रिणीने मला नदीजवळच्या एका खानावळीत नेलं. आपल्या ओसरीएवढीच जागा, लाकडी फळीला लागून बसायचं आणि फळीच्या पलीकडे डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक म्हातारी. ती खाली वाकून पंख्याने वारा घालत होती. मला वास आधी आला. मैत्रिणीने मुद्दाम आणलं की तिला खरंच माहीत नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही. म्हातारीने निखाऱ्यांवरून वांगं उचललं, बोटं पाण्यात बुडवत साल सोलली, हिरवटसर गर तसाच अख्खा बशीत ठेवला, वर किसलेलं आलं. मासळीचा कीस घालणार होती, मैत्रिणीने तिच्या भाषेत नको सांगितलं. बशी माझ्यासमोर आली. मी ती मैत्रिणीकडे सरकवली.

"खा ले ना," ती हळूच म्हणाली. "यहाँ कौन देख रहा है?"

"मले त मालूम आहे ना!" मी म्हटलं. आई, मी अशी बोलत नाही, तुला माहीत आहे. शाळेत शिकवून शिकवून माझी भाषा पार पुस्तकी झाली आहे. पण ते तुझ्याच सुरात बाहेर पडलं. मैत्रीण खो खो हसली. "काकी बोली, काकी!" मग तिने घास घेतला आणि डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती चावत होती, मी बघत होते, आणि मला कळायच्या आत मी विचारलं, "मीठ?"

तिचं चावणं थांबलं.

चेहऱ्यावरून मीठ कळत नाही गं आई. काहीसुद्धा कळत नाही. कळतं एवढंच की समोरची खाते आहे आणि आपण नाही. तोंडाला पाणी सुटतं आणि ते गिळावं लागतं. तू वांगं सोडलंस म्हणजे तुला ते नकोसं झालं, असं मी इतके हिवाळे समजत होते. तू मीठ वाचत नव्हतीस. तू घास मोजत होतीस माझे, उपाशी माणूस मोजतो तसे. बाबांसाठी दिलेला शब्द पाळत, निखाऱ्यांसमोर बसून, आवंढे गिळत. मला तुझी दया आली, आणि इतकी माया दाटली की फळीवर डोकं टेकावंसं वाटलं. आणि मी काय करत होते? मी तर कुणाला शब्दही दिला नव्हता. मी बशी पुन्हा माझ्याकडे ओढली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं तेवढं सांगून टाकते. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी बघून मैत्रिणीने पाठीवर हात ठेवला. "काकी की याद आ गई ना?" मी मान हलवली. खोटंच. पाणी त्या किसलेल्या आल्यामुळे होतं, झणझणीत होतं ते. तो घास संपेपर्यंत मला तुझी आठवण आली नाही, बाबांची नाही, कुणाचीच नाही. मी नुसतं वांगं खात होते. इतकं छान लागलं की मी म्हातारीला बोटाने दाखवून आणखी एक मागितलं, आणि तेही एकटीने संपवलं. मीठ कमी होतं.