दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

मी, धर्मपाल मैनाबाई गवई, वय ५४, राहणार अकोला, धंदा रॉक गाणी रचणे व गाणे (लोक याला धंदा मानत नाहीत, ती त्यांची अडचण), पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. लिही म्हणून कुणाचा दबाव नाही. लिहू नये म्हणून आहे.

१. घर माझी मुलगी दीपमाला, राहणार अमरावती, हिला.

२. गिटार गजेंद्रला. बँड सोडून तो वरातीत कीबोर्ड वाजवायला गेला, तो राग आज सोडला. तारा मात्र त्यानेच बदलाव्यात.

३. आमची एकुलती एक कॅसेट. २००१ साली केशवरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सुटीच्या दिवशी रेकॉर्ड केली. आई तिथेच कामाला होती. चहाच्या सुटीतही टेप चालू ठेवायचा आणि त्या गप्पा कापायच्या नाहीत, ही माझीच टूम. आठ दिवसांनी तिथे आग लागली. सहा बाया मागच्या दाराशी जळाल्या, त्यांत माझी आई. दार उघडंच होतं, असं केशवरावांनी शपथेवर सांगितलं. कॅसेटवर मी आईचा फोटो छापला. कुणी ऐकली नाही. रागाने मीही नाही.

यंदा व्हॉट्सअपवर बढाई मारली, 'जिनिंगमधल्या गप्पांसकट जुनी गाणी लवकरच'. चौथ्या दिवशी एक माणूस दारात. "सर, साऱ्या कॅसेटा मले पायजेत. अजून कोनापाशी हायेत?" तेवीस वर्षांनी चाहता भेटला म्हणून मी हुरळलो. मूळ तेवढी मागे ठेवून बाकी सगळ्या सही करून दिल्या. ड्रमवाल्या सूर्यभानचा तेल्हाऱ्याचा पत्ताही दिला. पंधरा दिवसांत सूर्यभान ट्रकखाली गेला. त्याच्या घरातून फक्त कॅसेट नाहीशी झाली. ही चूक माझी आहे आणि ती मला झोपू देत नाही.

मग मागे ठेवलेली मूळ कॅसेट ऐकली. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्याआधी केशवराव बोलतात, "मांगच्या दाराले कुलूपच राहू दे. बाया पदरात कापूस नेऊन राह्यल्या."

पोलीस ठाण्यात ऐकवली. साहेब म्हणाले, "आवाज कोनाचा, हे कोन सांगंन?"

काल तो माणूस पुन्हा आला. माझ्या दाराला बाहेरून कडी घालून गेला. शेजारच्या शालूताईंनी उघडली.

४. मूळ कॅसेट दीपमालाकडे पोचली आहे. मी गेल्यावर माझ्या जलदान विधीला भाषणं नकोत. बुद्धवंदना झाली की दुसरी बाजू लावावी, मोठ्या आवाजात. डेकला नवा पट्टा टाकला आहे. त्या सहा बायांच्या घरच्यांना बोलवावं. केशवरावांना पुढच्या रांगेत बसवावं. ते येतील, लोकलाज पाळणारे आहेत. आवाज ओळखणारे सगळे मंडपात असतील.

अकोला, दि. १४ नोव्हेंबर २०२४
सही: धर्मपाल गवई

साक्षीदार:
शालू वानखडे, शेजारीण. कडी मीच काढली.
मनोज इंगळे, साउंड सर्व्हिस. चार कर्णे लावीन, कबूल.