डोक्यावर पाटी घेतलेला फोटो

सातपाटी,
रविवार, २ एप्रिल १९८९

थोरल्या जाऊबाई इंदुबाई यांस,

धाकट्या हंसाचा पाया पडून नमस्कार. भावोजींनाही नमस्कार सांगा, ते घेतील तर. आमच्याकडे सगळं बरं आहे. तुमच्याकडेही बरंच असणार, नाहीतर बाजारात कुणी ना कुणी मला मुद्दाम येऊन सांगितलंच असतं.

मी सांगते आहे आणि चंद्रकांता लिहिते आहे. तुमची पुतणी दहावी झाल्यापासून मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. मधे चार शिव्या आल्या तर त्या गाळणार म्हणते, तेव्हा पत्र फार सभ्य वाटलं तर दचकू नका. अक्षर ओळखून फाडू मात्र नका. आधी वाचा, मग फाडा.

बोईसर काही काशी नाही. एसटीत बसले तर उन्हं चढायच्या आत तुमच्या खोलीच्या दारात उभी राहीन. पण समोरासमोर आलो की आपण दोघी आधी वलांड्यांवरून भांडू आणि बोलायचं ते राहून जाईल. बोंबील वाळत घालायच्या त्या काठ्या तुम्ही माझ्या उन्हात रोवल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. आता ती जागा मोकळी आहे, ऊन भरपूर येतं, आणि कटकट करायला माणूस नाही.

हात बरा आहे. आपल्या इकडच्या माहीमच्या वैदूचं तेल लावते, मालिशने सुटतो आहे.

मुद्द्याचं सांगते. ठाण्याच्या कोर्टात माझ्या अपघाताच्या केसचा निकाल लागला. आपल्या बाजूने लागला. आणि तो तुमच्यामुळे लागला. ही ओळ मी दोनदा लिहायला सांगत होते, चंद्रकांता म्हणते एकदा पुरे.

भावोजींना वाचून दाखवाल, म्हणून पहिल्यापासून सांगते. तीन वर्षांमागे बोईसरच्या नाक्यावर मी पाटी खाली ठेवून गिऱ्हाईक करत होते आणि कारखान्याचा तो टेम्पो मागे येत येत माझ्यावर आला. ड्रायव्हर नंतर ‘दिखा नहीं, माँजी’ म्हणत रडत बसला होता. त्याच्या रडण्याने काय होतंय, माझा उजवा हात कोपरातून चिरडला होता. टेम्पोचा विमा होता, म्हणून भरपाई विमा कंपनीने द्यायची. कंपनीने कोर्टात सांगितलं की बाई स्वतःच टेम्पोमागे गेली, आणि तिच्या हाताला म्हणावं तसं काही झालेलंच नाही.

आपल्या वकिलाने आम्हाला पुष्कळ शिकवलं होतं. पंचनाम्याची नक्कल ठेवा, दवाखान्याचे कागद ठेवा, एक्सरेला ओल लागू देऊ नका. एवढंच सांगायचं राहिलं की कंपनी आपला माणूस गावात पाठवते. तो माणूस नाक्यावर विचारतो, पोलिसांत विचारतो, दवाखान्यात विचारतो, आणि शेवटी शेजारीपाजारी फिरून बघतो की बाई खरंच अधू आहे की सोंग करते. आणि मी कंपनीचा, असं काही तो दारात उभा राहून सांगत नाही.

तो आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला कॅमेरा. मच्छीमार सोसायटीच्या ओट्यापाशी त्याने विचारलं, देवू तांडेलांचं, म्हणजे आमचं, घर कुठलं, माणसं कशी आहेत, बाई धंद्याला जाते का, घरात कुणाला काही दुखणं आहे का. त्याला आडनाव विचारलं, तर वैती. आता तुम्हीच सांगा. ज्या घरात लग्नाची पोर आहे त्या घराबद्दल आपल्यातला एक माणूस असं विचारायला लागला, तर आपल्या गावात दुसरं काय समजणार? मुलाकडचा माणूस आला, म्हणून आळीभर झालं.

मग काय विचारता. अधू आईची पोर म्हटली की तिचा जीव अर्धा माहेरी राहणार, म्हणून मुलाकडचे मागे सरतात, हे पोराटोरांनाही ठाऊक. सगळी आळी आपल्यासाठी कंबर कसून उभी राहिली. हिरा त्याला म्हणाली, “हंसाच्या हाताला? काय नाय झालं. एकटी दोन पाट्या नेते बोईसरला.” आनंदी म्हणाली, “त्या घरात कोणाला सर्दी बी होत नाय.” जिने दवाखान्यात माझे रक्ताचे कपडे धुतले, ती ही आनंदी. जिवापाड खोटं बोलल्या बिचाऱ्या.

आणि मी तर कहरच केला. लांब बाहीचं पोलकं घातलं, हात पदराखाली घेतला आणि पाहुण्याला पाट दिला. चहा चंद्रकांताने आणला. तो म्हणाला, “बाई, धंद्याला जाता का अजून?” मी म्हटलं, “जाते की, रोज.” तो म्हणाला, “पाटी घेऊन एक फोटो काढू?” मला वाटलं मुलाच्या आईला दाखवायला हवा असेल. मागच्या दारी हिरा आणि आनंदीने दोन बाजूंनी उचलून भरलेली पाटी माझ्या डोक्यावर ठेवली, मी डाव्या हाताने ती धरली, पुढे अंगणात आले आणि तोंडभर हसले. त्याने फोटो काढला.

तो निघाला आणि तुमच्या कुडापाशी थांबला. तुम्ही त्याला जे बोललात ते अर्ध्या आळीने ऐकलं. “तिचा हात मेलाय. तिला आपल्या केसांची गाठ बी मारता येत नाय.” मग चंद्रकांताचे बाबा तुमच्या दारात येऊन काय काय बोलले, ते ही पोर लिहिणार नाही. पुतणीचं लग्न मोडायला निघालात, एवढं लिही म्हटलं. तुम्ही पडवीत बसून बोंबील उलटत राहिलात. तोंडातून ब्र काढला नाहीत. पुढे लवकरच तुमच्या पोराच्या, जनार्दनच्या, खोलीवर बोईसरला गेलात ते गेलातच. वैती काही परत आला नाही, म्हणजे स्थळ इंदुबाईनेच मोडलं असं गावात ठरलं, आणि आमच्या घरातही तेच ठरलं.

आता कोर्टाचं ऐका. गेल्या महिन्यात कंपनीचा साक्षीदार म्हणून पुकारा झाला आणि पिंजऱ्यात उभा कोण, तर वैती. मी चंद्रकांताला हळूच म्हटलं, “गो, हा मुलाकडचा माणूस हितं कसा?” ती म्हणाली, “आये, गप बस.” तेवढ्यात कंपनीच्या वकिलाने तो फोटो जज्जसाहेबांच्या हातात दिला. साहेब एकदा फोटोकडे बघतात, एकदा माझ्याकडे बघतात. फोटोत मी डोक्यावर पाटी घेऊन हसते आहे. केस तर जाणारच, वर खोटारडी म्हणून नाव लागणार, असं वाटलं.

आपला वकील उठला. त्याने वैतीला विचारलं, “गावात सगळ्यांनी तुम्हाला हेच सांगितलं?”

वैती म्हणाला, “नाही. शेजारच्या घरातल्या बाईंनी वेगळं सांगितलं.”

कंपनीचा वकील मधे पडायला लागला, पण जज्जसाहेब म्हणाले, बोलू द्या त्यांना. मग तो सरळ बोलत गेला. “त्या बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, पाटी दोघींनी चढवली ते तुम्ही बघितलं नाही. आता माडांमधून घरामागे जा आणि बघा. मी गेलो. पाटी पालथी पडली होती, मासळी मातीत होती, ही बाई हात पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. मुलीला सांगत होती, पाहुण्याला कळू देऊ नको.” हे सगळं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं. कंपनीने त्यातला फोटो तेवढा पुढे केला. शेवटी तो म्हणाला, “साहेब, दुखणं वाढवून सांगणारे मी रोज बघतो. लपवणारी ही पहिलीच.”

कोर्टात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला रडू आलं, आणि राग पण आला, की हा मेला तेव्हा माझ्या दारी दोन कप चहा पिऊन गेला.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. विचारलं, “माझ्या जावेला ठाऊक होतं, तुम्ही कोण ते?” तो हसला. म्हणाला, “त्यांनी पहिलं हळूच तेच विचारलं. विमा कंपनीचे ना तुम्ही? आमच्या जनार्दनच्या कारखान्यात एकाची बोटं गेली, त्याच्याकडे असाच एक जण येऊन गेला.”

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि हे तुमच्या दारात नाचत होते तेव्हा एका वाक्यात त्यांचं तोंड बंद करता आलं असतं. येताना गाडीत मी याचाच विचार करत होते. तुम्ही तेव्हा बोलला असतात तर हे तसेच धावत एसटी स्टँडवर गेले असते, वैतीची गचांडी धरली असती आणि सगळं मातीत घातलं असतं. यांचा स्वभाव तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत. सासूबाई गेल्यावर या दिराला तुम्हीच भरवलंत, नाक पुसलंत. म्हणून गप्प राहिलात ना? आणि नंतर सांगायला आला असतात तर आम्ही ऐकून घेतलं असतं का, देव जाणे.

हे आता सोसायटीच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगतात, “माजी वयनी नसती तर बुडालो होतो.” तुमच्यासमोर सांगा म्हटलं की जाळं विणायला घेतात.

आणि एक विचारायचं होतं. मला केसांची गाठ मारता येत नाही, हे मी हिरालासुद्धा कळू दिलं नव्हतं. पहाटे आळी उठायच्या आत ही पोर माझा अंबाडा घालायची. मग तुम्हाला कसं कळलं? वलांड्यांच्या भांडणापासून बोलत नव्हतात तरी कुडाच्या फटीतून माझ्याकडे बघत होतात तर. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुमचे उपकार झाले, इंदुबाई. गावाने माया केली आणि मी जवळजवळ बुडाले, तुम्ही शिव्या खाल्ल्यात आणि मी वाचले.

चंद्रकांताचं जमलं. माहीमचा मुलगा, बर्फाच्या कारखान्यात मशीनवर असतो, नाव हरेश्वर. खरे पाहुणे आले तेव्हा हे दारातच विचारायला निघाले होते, तुम्ही कुठल्या कंपनीचे. मी डोळे वटारले म्हणून राहिलं. या वेळी मी हात लपवला नाही. हाताला झालंय, पण सुटतो आहे, असं सांगितलं. मुलाची आई म्हणाली, “पोर आईचं करते, ती माजं बी करील.” बाई बरी वाटली. लग्न अक्षय तृतीयेला आहे. पत्रिका द्यायला हे स्वतः येणार आहेत. त्यांना फार टोचू नका, थोडं टोचा.

इथे चंद्रकांताचा नमस्कार. तिने काकीला मुका लिहिला आहे.

—

इंदूबाय, पोर पाण्याला गेली हाय. हे मीच लिवते, डाव्या हातानं. चवथीची शाळा हाय माजी, सांबाळून घ्या.

हात सुटतो असं वर लिवलंय ते तिच्यासाठी. नाय सुटत. डॉक्टर बोलला, आता हाय तो असाच. तिला कळलं तर ती लग्नाला उबी नाय राहायची. आईला टाकून जात नाय, बोलंल. म्हनून रोज तेल लावते आन बरं वाटलं बोलते.

पन मांडवात काय करू. कन्यादानाचं पानी सोडायला आईचा उजवा हात लागतो. माज्या हातात तांब्या ठरत नाय. मागच्या दारी करून बगितलं, दोनदा पडला. डाव्या हातानं पोर देऊ काय? ह्ये बोलतात मी एकटा देतो. आईबिगर पोर द्यायची नाय मला.

तुमी आन भावोजी पाटावर बसा. पानी तुमी सोडा. देवानं तुमाला पोरगी दिली नाय, ही तुमी द्या. मी मागं उबी राहीन. कोन विचारील, आई असताना काकी का? तर माजा हात मेलाय हे मीच सांगीन, सगळ्या मांडवात, मोठ्यानं. पाटावर बसलेली नवरी तवा काय उठत नाय.

हे दुसऱ्या कोनाला सांगायला माजी जीब उचलत नाय. तुमाला ठाऊकच हाय.

उत्तर लिवू नका. हळदीला या.

तुमची,
हात नसलेली धाकटी
हंसा